कंपवाताचं (पार्किन्सन्सचं) निदान आणि मेंदूचे स्कॅन : एमआरआय, ट्रोडॅट, एफ-डोपा काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

निदानवेध

"एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे पार्किन्सन्स नाही ना?" आणि "ट्रोडॅटमध्ये कमी दाखवलंय, म्हणजे पार्किन्सन्स पक्का ना?" हे दोन प्रश्न सतत विचारले जातात आणि दोन्हींचं उत्तर 'तसं म्हणता येत नाही' असं आहे. का, ते नीट मांडावं म्हणून हा धागा.

पार्किन्सन्सचं निदान आजही हातापायांच्या तपासणीवरच होतं. मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचे २०१५चे निकष पाहा. हालचालींचा मंदपणा हवाच, आणि नुसता मंदपणा पुरत नाही. तीच हालचाल पुन्हा पुन्हा करताना तिचा आवाका किंवा वेग घटत जायला हवा. त्याच्या जोडीला ताठरपणा किंवा विश्रांतीच्या अवस्थेतला कंप (सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा) यांपैकी एक तरी हवं. त्यानंतर निदान बाद करणाऱ्या गोष्टी, धोक्याच्या खुणा आणि पुष्टी देणाऱ्या गोष्टी तपासायच्या. यात स्कॅन सक्तीचा कुठेही नाही.

त्याच निकषांत एक बारकावा आहे. डोपामिन ट्रान्सपोर्टरचा स्कॅन (पुढे 'डॅट स्कॅन' म्हणतो; ट्रोडॅट हा त्याचाच एक प्रकार) नॉर्मल आला तर ती गोष्ट पार्किन्सन्सच्या निदानाविरुद्ध जाते. पण तो बिघडलेला आला तर निदानाच्या बाजूने एकही गुण मिळत नाही. कारण तोच बिघाड पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी), एमएसए (मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी) या पार्किन्सन्ससारख्या दिसणाऱ्या आजारांत आणि लेवी बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारातही दिसतो. डॅट स्कॅन एकाच प्रश्नाचं उत्तर देतो : स्ट्रायटम या मेंदूच्या खोल भागातली, डोपामिन सोडणाऱ्या चेतातंतूंची टोकं कमी झाली आहेत का? ती कोणत्या आजारामुळे कमी झाली, हे त्याला कळत नाही. रिपोर्टमध्ये 'पार्किन्सन्स डिसीज' असं ठाम लिहिलेलं असलं तरी ते स्कॅनने सांगितलेलं नसतं.

एमआरआय आणि न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सारी द्रव्य देऊन स्कॅन करणारी शाखा) यांच्या बाजूने जाणकारांनी भर घालावी.

कृष्णधवल

एमआरआयबद्दल लिहितो.

नेहमीचा १.५ टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) साधा एमआरआय पार्किन्सन्समध्ये नॉर्मल यावा हेच अपेक्षित आहे. तो करायचा तो पार्किन्सन्ससारखं दिसणारं दुसरं काही सापडतंय का ते बघायला. मेंदूत पाणी साचणं (एनपीएच), डोक्याला मार लागून आठवड्यांनी जमलेलं सबड्यूरल (मेंदूच्या आवरणाखालचं) रक्त, गाठ, बेसल गँग्लियातले (हालचाली सांभाळणाऱ्या खोल भागातले) जुने स्ट्रोक, विल्सन्समध्ये (शरीरात तांबं साठण्याच्या आजारात) तिथेच होणारे बदल, लिव्हर सिऱ्हॉसिसमध्ये त्याच भागातल्या ग्लोबस पॅलिडसमध्ये साठलेलं मँगनीज. यातल्या काहींचा उपचार पूर्ण वेगळा आहे, म्हणून एकदा एमआरआय करणं योग्यच.

एमएसएमध्ये पॉन्स या मेंदूच्या देठाच्या भागात फुलीच्या आकाराची पांढरी खूण दिसू शकते, पीएसपीमध्ये त्याच्या वरचा मिडब्रेन रोडावून मधल्या छेदात हमिंगबर्ड पक्ष्याच्या आकृतीसारखा दिसतो. खूण ठळक असली तर निदानाला जोर येतो. पण या खुणा बहुधा उशिरा येतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या नाहीत म्हणून पीएसपी किंवा एमएसए नाही, असं म्हणता येत नाही.

'स्वॅलो टेल' खुणेबद्दलही विचारलं जातं. ३ टेस्लावर, पातळ छेदांच्या एसडब्ल्यूआय या एमआरआयच्या खास पद्धतीत, सबस्टॅन्शिया नायग्राच्या (डोपामिनच्या पेशी असलेल्या भागाच्या) मागच्या भागात नायग्रोसोम-१ नावाचा उजळ पट्टा दिसतो. पार्किन्सन्समध्ये तो पुसला जातो. कागदावर उत्तम आहे, पण छेदाचा कोन थोडा चुकला, डोकं हललं किंवा छेद जाड घेतले की निरोगी माणसातही पट्टा गायब. वर तो पीएसपी आणि एमएसएमध्येही जातोच, म्हणजे डॅट स्कॅनची जी मर्यादा तीच इथेही.

रिपोर्टमधल्या एका वाक्याने फार गोंधळ होतो : 'वयोमानानुसार आकुंचन आणि जुने इस्केमिक बदल'. सत्तरीतल्या बहुतेक मेंदूंत पांढऱ्या भागात असे ठिपके असतात. त्यावरून 'व्हॅस्क्युलर पार्किन्सनिझम' (रक्तपुरवठ्यातल्या बिघाडाने पार्किन्सन्ससारखी लक्षणं) ठरवून लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं मुख्य औषध सुरूच न करणं हे रुग्णाचं नुकसान आहे. ते निदान करायचं तर बदल भरपूर हवेत किंवा नेमक्या जागी हवेत, आणि चित्रही जुळायला हवं : कमरेखाली त्रास जास्त, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, हात बरेचसे मोकळे.

गॅमाकिरण

न्यूक्लिअर मेडिसिनमधली तंत्रज्ञाची बाजू मांडते. यातल्या पुष्कळ चुका रिपोर्ट लिहिण्याच्या आधीच झालेल्या असतात.

आधी कुठला स्कॅन ते ओळखा. अमेरिका-युरोपातल्या लेखांमध्ये 'डॅटस्कॅन' म्हणजे आयोडीन-१२३ लावलेलं आयोफ्लुपेन. युरोपात ते २०००पासून आणि अमेरिकेत २०११पासून मान्य आहे. आयोडीन-१२३चं अर्धायुष्य जेमतेम १३ तास, त्यामुळे दुरून मागवणं कठीण. आपल्याकडे म्हणून ट्रोडॅट जास्त चालतं. त्यात टेक्नेशियम-९९एम असतं, ते रुग्णालयातल्याच जनरेटरमधून काढता येतं, खर्चही कमी. मात्र ट्रोडॅटमध्ये स्ट्रायटम आणि आजूबाजूचा मेंदू यांतला फरक आयोफ्लुपेनपेक्षा फिका दिसतो. सीमारेषेवरच्या केसमध्ये हा फिकेपणा नडतो. त्यामुळे आयोफ्लुपेनच्या अभ्यासातले अचूकतेचे आकडे ट्रोडॅटला जसेच्या तसे लावू नयेत.

ट्रोडॅटला साधारण २० ते २५ मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) शिरेतून देतात, तीन-चार तास थांबतात, मग अर्धा-पाऊण तास डोकं स्थिर ठेवून स्पेक्ट, म्हणजे गॅमा कॅमेऱ्याने स्कॅन. आयोफ्लुपेनला ३ ते ५ मिलिक्युरी पुरतात, पण थायरॉइडने सुटं आयोडीन ओढू नये म्हणून किमान तासभर आधी पोटॅशियम आयोडाइड किंवा लुगॉल्स द्यावं लागतं. ट्रोडॅटमध्ये आयोडीन नाही, तिथे हे लागत नाही.

चित्र वाचताना निरोगी स्ट्रायटम दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखा दिसतो : पुढे डोकं म्हणजे कॉडेट, मागे शेपटी म्हणजे प्युटामेन. पार्किन्सन्समध्ये आधी शेपटी जाते, मागच्या टोकाकडून, आणि लक्षणं ज्या बाजूला जास्त त्याच्या विरुद्ध बाजूला अधिक. शेवटी उरतो पूर्णविराम.

आता गडबड कुठे होते ते. डोकं किंचित तिरकं ठेवलं तर एका बाजूचा छेद वरून आणि दुसऱ्या बाजूचा खालून जातो, आणि नसलेली असमानता 'दिसते'. पुनर्रचना करताना डोकं सरळ करून घेतलं नाही तर ही चूक तशीच रिपोर्टात उतरते. कॅमेऱ्याची डोकी खांद्यांना लागू नयेत म्हणून लांब ठेवली तर चित्र धूसर होऊन प्युटामेन आपोआप लहान भासतं. कंप हनुवटीचा किंवा मानेचा असेल तर हालचालीने कडा पसरतात. प्युटामेनमध्ये जुना स्ट्रोक असेल तर तेवढाच तुकडा कापल्यासारखा रिकामा दिसतो, आणि एमआरआय शेजारी ठेवून न वाचल्यास त्याला पार्किन्सन्स म्हटलं जातं. शिवाय वयागणिक दर दशकात काही टक्के घट सगळ्यांचीच होते. आकडे द्यायचे तर तुलना त्याच वयाच्या, त्याच ट्रेसरच्या (टोचलेल्या किरणोत्सारी द्रव्याच्या) आणि त्याच प्रकारच्या कॅमेऱ्यावरच्या निरोगी लोकांशी हवी. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला तयार डेटाबेस आयोफ्लुपेनचा आणि स्कॅन ट्रोडॅटचा, असं असेल तर छापलेल्या टक्केवारीला अर्थ नाही.

सायलीपुणे

@गॅमाकिरण, स्कॅनच्या दिवशी सिंडोपा (लेव्होडोपाची गोळी) बंद ठेवायची की घ्यायची? दोन सेंटर दोन गोष्टी सांगतात.

गॅमाकिरण

दोन्ही सेंटर आपापल्या जागी बरोबर असू शकतील, कारण स्कॅन वेगळे असतात.

ट्रोडॅट किंवा आयोफ्लुपेनसाठी लेव्होडोपा बंद करायची गरज नाही. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही पार्किन्सन्सची दुसरी औषधंही चालतात. उलट गोळी वेळेवर घेतली तर माणूस टेबलावर स्थिर पडतो.

एफ-डोपाच्या पेट (PET) स्कॅनमध्ये प्रकरण उलटं. तिथे ट्रेसर हाच लेव्होडोपाचा भाऊ, त्यामुळे गोळीशी त्याची स्पर्धा होते. पार्किन्सन्सची औषधं साधारण १२ तास आधी थांबवतात, चार तास उपास ठेवतात कारण जेवणातली प्रथिनं ट्रेसरला मेंदूत शिरू देत नाहीत, आणि तास-दीड तास आधी कार्बिडोपा देतात म्हणजे ट्रेसर मेंदूबाहेरच खर्च होत नाही. कार्बिडोपा दिलंच नाही तर मेंदूतलं चित्र फिकं येतं आणि ते घट समजून वाचलं जाण्याचा धोका असतो.

निदानवेध

एफ-डोपाबद्दल एक भर. तो ट्रान्सपोर्टर मोजत नाही, लेव्होडोपाचं डोपामिन करणारं एन्झाइम आणि साठवण मोजतो. आजाराच्या सुरुवातीला उरलेल्या पेशी भरपाई म्हणून हे एन्झाइम वाढवतात, त्यामुळे नुकसान आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. डॅटमध्ये उलट : पेशी ट्रान्सपोर्टर मुद्दाम कमी करतात, म्हणजे तिथे नुकसान थोडं जास्त भासतं. दोन स्कॅनमध्ये फरक आला म्हणून एक खोटा ठरत नाही. पेशी मोजणारा स्कॅन यांपैकी एकही नाही.

मात्राप्रमाण

औषधनिर्माणशास्त्राच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, डॅट स्कॅन बिघडवणारी औषधं. ब्युप्रोपियॉन (नैराश्यासाठी आणि सिगारेट सोडण्यासाठीही देतात), मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल, अँफेटामिन वर्गातली औषधं आणि कोकेन. ही ट्रान्सपोर्टरवरच बसतात, त्यामुळे ट्रेसरला जागा उरत नाही आणि निरोगी मेंदूतही दोन्ही बाजूंना घट दिसते. ब्युप्रोपियॉन आठवडाभर आधी थांबवावं लागतं, पण ते ज्यांनी लिहून दिलं त्यांना विचारूनच. सर्ट्रालिनसारख्या एसएसआरआय (नैराश्यावरच्या) गोळ्यांनी आकडा किंचित हलतो, डोळ्यांनी वाचलेल्या चित्रात सहसा फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते : औषधांमुळे होणारा पार्किन्सनिझम. आपल्याकडे 'अॅसिडिटीची गोळी' म्हणून महिनोन्महिने चालणाऱ्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड असतं. ते डोपामिनचे रिसेप्टर अडवतं. पाकिटावर मोठ्या अक्षरात ब्रँड आणि बारीक अक्षरात घटक, म्हणून घरात कुणाला कल्पना नसते. तसंच चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन लोकांना ठाऊक असतात. फिट्ससाठीच्या सोडियम व्हॅल्प्रोएटनेही कंप आणि मंदपणा येतो.

शंका आली की गेल्या वर्षभरातली सगळी पाकिटं, प्रिस्क्रिप्शनं, अगदी दुकानातून स्वतःहून आणलेली औषधंसुद्धा एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. ब्रँड सांगू नका, घटक वाचा. दोषी औषध सापडलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते थांबवून वाट पाहावी लागते. सुधारणा काही आठवड्यांत सुरू होऊ शकते, पण पूर्ण उतरायला सहा महिने, क्वचित त्याहून जास्त लागतात. महिन्याभरात फरक नाही म्हणून 'पार्किन्सन्सच' असा निष्कर्ष काढायची घाई नको.

इथे मात्र डॅट स्कॅन खरोखर उपयोगी पडतो. ही औषधं रिसेप्टर अडवतात, टोकं मारत नाहीत. स्कॅन नॉर्मल तर दोष बहुधा औषधाचा. स्कॅन बिघडलेला, तर आत मुरत असलेला आजार औषधाने उघडा पाडला.

अनिकेत_मॉन्ट्रियल

एक प्रामाणिक हरकत. शवविच्छेदनाशी ताडून पाहिलेल्या अभ्यासांचं २०१६ सालचं एकत्रित विश्लेषण आहे. त्यात डॉक्टरांच्या निदानाची अचूकता सुमारे ८० टक्के निघाली. म्हणजे पाचात एक चूक. अशा वेळी स्कॅन कमी वापरा म्हणणं रुग्णाच्या हिताचं कसं?

निदानवेध

प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर.

त्या चुका कुठल्या, ते आधी बघा. पार्किन्सन्स समजलेल्या रुग्णांत शवविच्छेदनात मोठ्या प्रमाणावर निघतात ते एमएसए आणि पीएसपी. या दोघांत डॅट स्कॅन बहुधा बिघडलेलाच येतो. म्हणजे जिथे डॉक्टर जास्त चुकतात तिथेच हा स्कॅन हतबल आहे. तो वेगळं करू शकतो ते इसेन्शियल ट्रेमर (काम करताना होणारा, पार्किन्सन्सशी संबंध नसलेला कंप), डिस्टोनियाचा (स्नायू आपोआप पिळवटण्याच्या विकाराचा) कंप, औषधांचा परिणाम आणि मानसिक कारणाने होणाऱ्या हालचाली. लेवी बॉडी आणि अल्झायमर यांच्यातला फरक करायलाही तो कामाचा आहे.

दुसरं, डॅट स्कॅनच्या अचूकतेचे जे ९० टक्क्यांच्या पुढचे आकडे सांगितले जातात ते मुख्यतः कशाशी ताडून? तर तज्ज्ञांच्या निदानाशी. ज्या मोजपट्टीला आपण ८० टक्के म्हणतो तिच्यावरच स्कॅन मोजला, तर त्याने मोजपट्टीला मागे टाकलं असं म्हणता येत नाही.

तिसरं, त्याच विश्लेषणात तज्ज्ञांची पहिल्या भेटीतली अचूकता ८०च्या आसपास होती, पुढे पाठपुरावा केल्यावर ती ८४च्या घरात गेली. वर्षभरात दोन-तीनदा नीट तपासणं हीसुद्धा एक चाचणीच आहे आणि ती बहुतेक ठिकाणी होत नाही.

अनिकेत_मॉन्ट्रियल

पटलं. मग नॉर्मल स्कॅन आलेल्या, पण डॉक्टर पार्किन्सन्स म्हणताहेत अशा रुग्णांचं काय? 'स्वेड' (SWEDD, म्हणजे डोपामिनची घट न दाखवणारे स्कॅन) म्हणतात ते.

निदानवेध

सुरुवातीच्या पार्किन्सन्सवरच्या मोठ्या औषधचाचण्यांत असे रुग्ण लक्षणीय होते : एल-डोपा (ELLDOPA) नावाच्या चाचणीत सुमारे १४ टक्के, प्रीसेप्ट (PRECEPT) चाचणीत सुमारे ११ टक्के. प्रीसेप्टमधल्या या लोकांचे दोन वर्षांनी पुन्हा स्कॅन केले तेव्हा बहुतेकांचे तसेच नॉर्मल राहिले आणि आजारही फारसा पुढे सरकला नाही. यात बरेचसे डिस्टोनियाचा कंप, इसेन्शियल ट्रेमर यांसारखे निघतात. स्वेड हा वेगळा आजार नाही, 'निदान पुन्हा तपासा' अशी सूचना आहे. त्यांना वर्षानुवर्षं लेव्होडोपावर ठेवू नये. अपवाद म्हणून सुरुवातीची सीबीडी (कॉर्टिकोबेसल डिजनरेशन, पार्किन्सन्ससारखा आणखी एक आजार) किंवा सेरेबेलमकडून (लहान मेंदूकडून) सुरू होणारी एमएसए ध्यानात ठेवावी, तिथे स्कॅन आधी नॉर्मल असू शकतो.

आणि स्कॅनवरून 'आजार किती वाढला' ठरवू पाहणाऱ्यांसाठी त्याच एल-डोपा चाचणीची गोष्ट. ३६१ रुग्ण, लेव्होडोपा दिवसाला १५०, ३०० किंवा ६०० मिग्रॅ, किंवा नुसती खोटी गोळी, ४० आठवडे. निकाल २००४ साली आले. लेव्होडोपा घेणारे रुग्ण, दोन आठवडे गोळी बंद ठेवूनही, खोट्या गोळीवाल्यांपेक्षा बरे होते. पण स्कॅनमध्ये घट लेव्होडोपा घेणाऱ्यांतच जास्त दिसली. औषधाने ट्रान्सपोर्टरचं नियमन बदलतं, हे त्याचं एक संभाव्य स्पष्टीकरण. उपचार सुरू असताना दरवर्षी स्कॅन करून टक्केवारी बघत बसणं म्हणूनच निरर्थक आहे.

कृष्णधवल

बाकीचे प्रकार थोडक्यात. एफडीजी पेट साखरेचा वापर दाखवतो. पार्किन्सन्स, एमएसए, पीएसपी वेगळे करायला अनुभवी वाचणारा असेल तर तो डॅटपेक्षा सरस. हृदयाच्या चेतातंतूंचा एमआयबीजी स्कॅन जपानमध्ये बराच वापरतात : पार्किन्सन्समध्ये हृदयाने ट्रेसर शोषून घेणं घटतं, एमएसएमध्ये बहुधा टिकतं. पण जुना मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर त्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि आपल्याकडच्या रुग्णांत मधुमेह किती ते सांगायला नको. कानशिलावरून सोनोग्राफी करून सबस्टॅन्शिया नायग्रा बघतात, तिथे कवटीचं हाड जाड असेल तर काहीच दिसत नाही.

सायलीपुणे

अल्फा-सिन्यूक्लिनची (पार्किन्सन्समध्ये पेशींत साठणाऱ्या प्रथिनाची) नवी चाचणी येतेय ना? मग हे सगळं मागे पडेल का?

निदानवेध

पाठीच्या कण्यातल्या पाण्यावर होणारी सीड ॲम्प्लिफिकेशन चाचणी. २०२३मध्ये हजाराहून जास्त लोकांवरचे निकाल आले, पार्किन्सन्समध्ये ती सुमारे ८८ टक्क्यांत सकारात्मक. पण एलआरआरके२ जनुकदोषाच्या रुग्णांत जेमतेम दोन तृतीयांशांत. ती चुकीच्या घडीचं प्रथिन आहे की नाही एवढंच सांगते, आजार किती पुढे गेला ते नाही. लेवी बॉडी डिमेन्शियातही ती सकारात्मक येते. संशोधनासाठी मोठी गोष्ट आहे, रोजच्या ओपीडीत अजून नाही.

चालरेषा

फिजिओथेरपीच्या बाजूने. स्कॅनवर पैसे घालण्याआधी पुढच्या गोष्टी झाल्या का ते बघा. यांना जेमतेम वीस मिनिटं लागतात.

अंगठा आणि तर्जनी शक्य तितकी लांब नेत, शक्य तितक्या वेगाने दहा वेळा टेकवायला सांगा. पहिल्या दोन-तीनवर जाऊ नका, सातव्या-आठव्यावर बघा : बोटांमधलं अंतर आक्रसत जातं का, मध्येच अडकतं का. संधिवातात वेग कमी असतो, पण तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा कमी. हा फरक सगळ्यात मोलाचा.

हात मांडीवर सैल ठेवून शंभरातून सात-सात वजा करायला सांगा. विश्रांतीचा कंप यात वाढतो. हात पुढे धरल्यावर कंप थांबून दहा-पंधरा सेकंदांनी परत येत असेल तर ती पार्किन्सन्सकडे झुकणारी खूण. कप ओठांशी नेताना वाढणारा, कागदावर गोल काढताना रेघ नागमोडी करणारा कंप इसेन्शियल ट्रेमरकडे झुकतो. अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होतंय का तेही बघा. झोपून आणि तीन मिनिटं उभं राहून रक्तदाब घ्या. पहिल्या वर्षातच वरचा आकडा ३०ने किंवा खालचा १५ने पडत असेल, किंवा लघवीचा ताबा सुटला असेल, तर एमएसएची शंका. पहिल्या एक-दोन वर्षांतच पुन्हा पुन्हा पडणं आणि खाली बघायला त्रास म्हणजे पीएसपीची.

जोडीदाराला विचारा, झोपेत ओरडणं, हातपाय मारणं आहे का. वास कधीपासून येत नाही तेही विचारा. हे सगळं मोबाइलवर चित्रित करून तारीख घालून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच खुर्चीवर पुन्हा. डॉक्टरांना यातून जे कळतं ते दोन स्कॅनच्या तुलनेतून कळत नाही.

मात्राप्रमाण

लेव्होडोपाला मिळणारा प्रतिसाद हीसुद्धा निदानाची कसोटी आहे, पण ती नीट घेतली जात नाही. सिंडोपा ११०ची अर्धी गोळी दिवसातून तीनदा, पंधरा दिवस, तीही वरणभातासोबत, आणि मग 'फरक नाही'. प्रतिसाद नाही असं म्हणायला सहन होईल तसा डोस वाढवत लेव्होडोपा दिवसाला ६०० मिग्रॅपर्यंत तरी न्यावा लागतो आणि तिथे काही आठवडे राहावं लागतं. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तास-दीड तासाने. सुरुवातीला मळमळ झाली तर मेटोक्लोप्रामाइड अजिबात नको, डॉक्टर डॉम्पेरिडोन लिहून देतात. हृदयाचा त्रास असेल तर ते आधी सांगायचं. आणि कंपाने प्रतिसाद दिला नाही म्हणून कसोटी नापास समजू नका, कंप सगळ्यात हट्टी असतो. मंदपणा आणि ताठरपणा किती सुटला ते बघा.

गॅमाकिरण

डॅट स्कॅन करायचं ठरलंच तर रेफरल चिठ्ठीवर 'पार्किन्सन्स?' एवढंच लिहू नये. 'इसेन्शियल ट्रेमर की पार्किन्सनिझम' किंवा 'लेव्होसल्पिराइड आठ महिने, टोकं शाबूत आहेत का' असा प्रश्न लिहिला, लक्षणं कुठल्या बाजूला ते लिहिलं, चालू औषधांची यादी आणि आधीचा एमआरआय जोडला, तर वाचणाऱ्याला दिशा मिळते. रिपोर्टमध्ये ट्रेसरचं नाव, डोस, इंजेक्शनपासून स्कॅनपर्यंतचा वेळ, हालचाल झाली का, आणि तुलना कुठल्या वयोगटाशी केली हे असायला हवं. नसेल तर मागून घ्या. नुसते रंगीत फोटो नकोत, डायकॉम फाइलींची (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलींची) सीडी घ्या. रंगांची पट्टी बदलली की तेच चित्र निरोगी किंवा आजारी दिसू शकतं.

निदानवेध

@गॅमाकिरण, रंगांच्या पट्टीचं अगदी खरं. एक राहून गेलं : वय पन्नाशीच्या आत असेल तर डॅट स्कॅनच्या आधी विल्सन्स तपासा. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पने बुबुळाच्या कडेची तपकिरी कडी. या आजारावर उपचार आहे आणि उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही. डॅट स्कॅन यात नॉर्मलही येतो, बिघडलेलाही येतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका.